चुकीचं उत्तर वाचणारं यंत्र

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यात, बालाघाटच्या पठारावर ईट हे गाव आहे. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांची हद्द इथून लांब नाही. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे हा तालुका दूध आणि खव्यावर तगून असतो. ज्यांच्याकडे तेवढी जनावरंही नाहीत, ते कोयता उचलतात. दिवाळीच्या मागंपुढं या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिलेली मुलं कशीबशी शाळेत टिकतात. आईबापांबरोबर फडावर गेलेलं मूल परत येतं, तेव्हा हजेरीपटावर ते चौथीतच असतं, पण चौथीचं पुस्तक संपत आलेलं असतं आणि त्याचं गणित दिवाळीच्या सुट्टीपाशी थांबलेलं असतं.

या मुलाला शिकवायला सुरुवात करायची तरी कुठून? गेली साठ-सत्तर वर्षं जगभरचे मानसशास्त्रज्ञ आणि संगणकतज्ज्ञ हे कोडं यंत्राकडून सोडवून घेण्याच्या खटपटीत आहेत. त्यातून जे उभं राहिलं त्याला ‘इंटेलिजंट ट्युटरिंग सिस्टिम’ म्हणतात. आपण त्याला सरळ शिकवणी यंत्र म्हणू. आता ‘एआय’चा शिक्का मारलेले टॅब विकणारे जिल्हा परिषदेच्या शाळांच्या पायरीपर्यंत पोचले आहेत. तेव्हा हे यंत्र आत काय करतं, हे खेड्यातल्या शिक्षकाला आणि पालकालाही माहीत असलेलं बरं.

आधी शाळेकडे पाहू. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक शाळेत साठपर्यंत मुलं असली तर शिक्षक दोन. म्हणजे पहिली-दुसरी एका गुरुजींकडे, तिसरी-चौथी दुसऱ्या बाईंकडे. एका इयत्तेला फळ्यावरचं लिहायला लावायचं, तोवर दुसरीला धडा समजावायचा. त्यातही एकेका इयत्तेत चार-चार पायऱ्यांवरची मुलं. ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशभरच्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्के निघाली. पाहणी सुरू झाल्यापासूनचा हा सरकारी शाळांचा सगळ्यात चांगला आकडा म्हणून त्याचं कौतुकही झालं. कौतुक रास्त आहे, पण उरलेल्या तीन चतुर्थांश मुलांसमोर तिसरीचं पुस्तक उघडून ठेवलेलं आहे, हेही त्याच आकड्यात आहे.

गंमत म्हणजे ही अडचण इयत्तांबरोबर आली. जुन्या पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्याच. एक मूल धुळपाटीवर अक्षरं गिरवतंय, दुसरं पाढ्यांवर आहे, तिसरं पावकी-निमकीवर, थोराड मुलगा मोडीत पत्र लिहायला शिकतोय, अशी ती बैठक. ज्याचं एक पक्कं झालं तो पुढे सरकायचा, आणि पुढे गेलेला मागच्याला शिकवायचा. त्या शाळेचे गोडवे गायचं कारण नाही. तिथे छडी होती, घोकंपट्टी होती आणि गावातल्या अनेक जातींना व मुलींना दार बंद होतं. एकोणिसाव्या शतकात सरकारी शिक्षणखात्याने इयत्ता, क्रमिक पुस्तकं आणि वार्षिक परीक्षा आणल्या, तेव्हा शाळा पुष्कळांसाठी उघडण्याची सोय झाली. पण त्या सोयीत प्रत्येक मुलाची वेगळी चाल हरवली. चाळीस मुलांना एकाच वेळी शिकवायचं म्हटलं, की गुरुजी मनात एक मधलं मूल धरतात आणि त्याला शिकवतात. त्याच्या पुढचं कंटाळतं, मागचं गप्प बसतं.

या गप्प बसण्याची किंमत किती, याचा एक गाजलेला आकडा अमेरिकेतले शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडला. एकेका मुलाला स्वतंत्र शिक्षक दिला, आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढू दिली नाही, तर त्यातलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांच्या पुढे जातं, असा त्यांचा निष्कर्ष. पण प्रत्येकामागे एक शिक्षक कुठल्याच देशाला परवडत नाही. मग तेवढाच गुण स्वस्तात कसा मिळवायचा, असा प्रश्न ब्लूम यांनी पुढच्यांच्या गळ्यात टाकला. पुढच्या संशोधकांना त्यांचा आकडा फार फुगलेला वाटला. त्याकडे पुन्हा येऊ.

यंत्राची खटपट मात्र ब्लूमच्या आधीची. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर १९५३ साली मुलीच्या शाळेत गणिताचा तास पाहायला गेले. आपलं उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळतच नाही, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी उत्तर तिथल्या तिथे तपासणारी एक पेटी बनवली. साठच्या दशकात स्टॅनफर्डचे पॅट्रिक सपीस यांनी संगणकावर अंकगणिताचा सराव घेतला. लवकरच लाखो मुलांना सिकंदरासारखा स्वतःचा ॲरिस्टॉटल मिळेल, असं त्यांनी १९६६ साली लिहून ठेवलं. भाकिताला साठ वर्षं होत आली. या क्षेत्रात जाहिरात नेहमीच मालाच्या पुढे धावत आली आहे, हे त्यावरून ध्यानात घ्यावं.

पेटीने बरोबर-चूक सांगितलं, पण त्यात शिकवणं आलं नाही. ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतो, कशामुळे आहे ते वैद्याला शोधावं लागतं. शिकवणी यंत्राचा खरा जन्म झाला तो हे कारण शोधण्यातून, आणि त्यासाठी आपण थोडी वजाबाकी करू.

४०३ मधून १५८ वजा करायचे आहेत. उत्तर २४५. आता तीन मुलांच्या वह्या पाहा. पहिल्याने लिहिलंय ३५५. दुसऱ्याने १५५. तिसऱ्याने ३४५. तिघांनाही लाल फुली, शून्य गुण. पण पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढून टाकला. आठातून तीन गेले पाच, पाचातून शून्य गेलं पाच, चारातून एक गेला तीन. वर कोण आणि खाली कोण, हे त्याने बघितलंच नाही. म्हणजे हातचा ही कल्पनाच त्याच्याकडे नाही. दुसऱ्याला हातचा घेता येतो. पण शेजारी शून्य दिसल्यावर त्याने शून्याला ओलांडून थेट शतकाच्या चारातून एक उचलला आणि शून्य तसंच ठेवलं. पुढे दशकात शून्यातून पाच जाईनात, म्हणून शतकातून पुन्हा एक उचलला. चाराचे दोन उरले, त्यातून एक गेला. तिसऱ्याने शून्यापासून हातचा घेतला, शून्याचे नऊही केले, पण ते नऊ चाराकडून आलेत हे विसरला आणि चार जसेच्या तसे ठेवले. तीन आजार, तीन वेगळी औषधं. पहिल्याला दशकाचा गठ्ठा सोडून दाखवावा लागेल, म्हणजे काड्यांचं बंडल घेऊन बसावं लागेल. तिसऱ्याला एकच वाक्य पुरेल. पहिल्याला जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगितलं तर त्याचा वेळ जाईल. तिसऱ्याला जे सांगायचं ते पहिल्याला सांगितलं तर त्याला एक अक्षर कळणार नाही.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली नेमकं हेच केलं. शाळकरी मुलांच्या वजाबाकीच्या हजारो चुका तपासून त्यांनी दाखवून दिलं की मूल क्वचितच वाटेल ते लिहितं. बहुतेकदा ते एक नियम अगदी इमानाने पाळतं, फक्त तो नियम चुकीचा असतो. अशा चुकीच्या नियमांची यादी त्यांनी संगणकात भरली. प्रोग्रॅमचं नाव ‘बगी’. चुकलेलं उत्तर दिलं की कुठल्या नियमाने ते आलं असावं, हे तो शोधायचा. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना सरावासाठीही तो वापरला गेला. संगणकाने मूल बनून चुकायचं. शिक्षकाने मग त्याच्या चुकीमागचा नियम ओळखायचा. आपल्या डी.एड.च्या अभ्यासक्रमात असा एखादा तास असायला हरकत नाही.

म्हणजे चांगल्या शिकवणी यंत्राच्या पोटात तीन गोष्टी असाव्या लागतात. विषय आणि त्यातल्या पायऱ्या, हे सोपं. त्या विषयात मुलं कशी कशी चुकतात, हे त्याहून अवघड. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे या एका मुलाला आत्ता काय येतं, याचा सतत बदलत राहणारा अंदाज. स्थलांतरित मुलांसाठी आपल्याकडे शिक्षण हमी पत्रक निघालं, ते तसं पाहता याच तिसऱ्या गोष्टीचं कागदी रूप. मूल जिथे जाईल तिथल्या शाळेला त्या पत्रकावरून कळावं, की हे इथवर आलंय. कल्पना फार चांगली. पण कागदावर एका दिवसाची स्थिती असते, आणि मूल तर रोज बदलतं.

यंत्र हा अंदाज बांधतं कसं? कार्नेगी मेलन विद्यापीठातले ॲल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली रीत अजून वापरात आहे. तिचं अंकगणित चौथीच्या पलीकडचं असलं तरी दहावीच्या आतलं आहे. समजा, ‘शून्यावरून हातचा’ हे कौशल्य एका मुलीला येत असण्याची शक्यता यंत्र सुरुवातीला ४० टक्के धरतं. येत असूनही हातून चुकण्याची शक्यता १० टक्के आणि येत नसताना ठोकून दिलेलं उत्तर बरोबर येण्याची शक्यता २० टक्के. मुलीने पहिलं गणित बरोबर सोडवलं. अशा १०० मुलींपैकी येणाऱ्या ४० जणींतल्या ३६ बरोबर सोडवतील आणि न येणाऱ्या ६० जणींतल्या १२ जणींचा नेम लागेल. म्हणजे बरोबर आलेल्या ४८ जणींत खरोखर येणाऱ्या ३६. यंत्राचा अंदाज ४० वरून ७५ टक्क्यांवर गेला. दुसरंही बरोबर आलं की ९३, तिसरं आलं की ९८. बहुतेक यंत्रं ९५ ओलांडले की ‘पक्कं झालं’ म्हणून पुढे नेतात. या हिशेबात सोडवता सोडवता होणारं शिकणं मी धरलेलं नाही. खरी यंत्रं तेही धरतात.

आता उलट बाजू पाहा. पहिलंच गणित चुकलं तर अंदाज ४० वरून ८ टक्क्यांच्या आत येतो. पण तीन बरोबर सोडवून चौथं चुकलं, तर तो ९८ वरून जेमतेम ८८ वर उतरतो. यंत्र म्हणतं, हिला येतंय, घाईत चुकली असेल. मागची ओळख धरून आजची चूक मोजायची, हे अनुभवी शिक्षक नकळत करतच असतात. मात्र साठ मुलांची, प्रत्येकाच्या पन्नास कौशल्यांची अशी वही डोक्यात ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. यंत्राला ते जमतं, आणि त्याची खरी ताकद इथेच आहे. चकचकीत चित्रं आणि बोलणारा ससा हा वरचा रंग.

या यंत्रांनी खरंच किती फरक पडतो? ॲरिझोनातले संशोधक कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ साली आधीचे अनेक प्रयोग एकत्र तपासले. त्यांचे निष्कर्ष साध्या हिशेबात सांगतो. शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर असलेलं मूल घ्या. फक्त शेवटचं उत्तर तपासून बरोबर-चूक सांगणारं यंत्र त्याला सुमारे बासष्टाव्या जागेवर नेतं. गणिताची पायरी न् पायरी पाहून, चुकलं तिथेच थांबवून मदत करणारं यंत्र सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या जागेवर. आणि हाडामांसाचा स्वतंत्र शिक्षक? त्याच्यापेक्षा जेमतेम एक पाऊल पुढे. म्हणजे ब्लूमचा अठ्ठ्याण्णवचा आकडा फुगलेला होता, आणि पायरी पाहणारं यंत्र माणसाच्या बरंच जवळ पोचलं होतं. बाजारात ‘एआय’ म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं पहिल्या जातीचं असतं. चार पर्याय, एक टिचकी, टाळ्यांचा आवाज.

प्रयोगशाळेतला आकडा शाळेत गेला की उतरतो, हेही खरं. अँडरसन यांच्या गटाने बनवलेलं बीजगणिताचं यंत्र अमेरिकेतल्या सात राज्यांमधल्या १४७ शाळांत तपासलं गेलं. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी माध्यमिक शाळांमधलं मधलं मूल अठ्ठावन्नाव्या जागेवर पोचलं. शिक्षकांना यंत्र वर्गात बसवायला एक वर्ष लागलं, असा त्याचा अर्थ मी लावतो. आपल्याकडे योजना पहिल्या वर्षाच्या अहवालावरच गुंडाळल्या जातात किंवा गाजवल्या जातात, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही.

भारतातला सगळ्यात नीट तपासलेला दाखला दिल्लीचा आहे. ‘माइंडस्पार्क’ हे एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या भारतीय संस्थेचं यंत्र. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या ६१९ मुलांमध्ये चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना ते मोफत दिलं. साडेचार महिन्यांनी गणितात मधलं मूल सुमारे चौसष्टाव्या जागेवर होतं, हिंदीत एकोणसाठाव्या. या प्रयोगातल्या बारीक गोष्टी आकड्यांपेक्षा बोलक्या आहेत. सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. यंत्राने त्यांना सहावीचं काही दाखवलंच नाही, मूल होतं तिथून उचललं. त्यामुळे शाळेच्या सहावीच्या गणिताच्या परीक्षेत त्यांचे गुण फारसे वाढले नाहीत. मूल तिसरीचं गणित शिकून चौथीला आलं तरी सहावीच्या पेपरात ते दिसणार कसं? हे न समजणारा एखादा अधिकारी असं यंत्र ‘निरुपयोगी’ ठरवून बंद करू शकतो. आणि दुसरी गोष्ट: रोजच्या नव्वद मिनिटांपैकी निम्मा वेळ मुलं यंत्रापुढे असत आणि उरलेला निम्मा वेळ दहा-पंधरा जणांच्या गटात माणसाकडून शिकत. फळ एकट्या यंत्राचं नव्हतं.

याच्या शेजारी पेरूचा अनुभव ठेवावा. तिथल्या सरकारने खेड्यातल्या मुलांना लॅपटॉप वाटले, ३१९ शाळांत पाहणी झाली, आणि गणित-भाषेत काहीच फरक पडला नाही. लॅपटॉपच्या आत मुलाला ओळखणारं काही नव्हतं. आपल्याकडे २०१५ नंतर ‘डिजिटल शाळे’ची लाट आली, तेव्हा गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही आणि प्रोजेक्टर बसले. लोकांनी घामाचे पैसे दिले, त्यांच्या भावनेला तोड नाही. पण टीव्ही सगळ्या वर्गाला तेच दाखवतो, म्हणजे चाळीस मुलांसमोर तोच मधल्या मुलाचा तास. आणि वीजबिल थकलं की तोही बंद.

ईटहून भूम, तिथून बार्शीमार्गे पुढे गेलं की सोलापूर जिल्ह्याचा माढा तालुका लागतो. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं आणि दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे सगळ्यांना माहीत आहे. पुस्तकात क्यूआर कोड छापण्याची कल्पना त्यांनी रुजवली आणि पुढे ती राज्याच्या व देशाच्या पुस्तकांत गेली, हेही. कमी बोललं जातं ते असं, की त्यांच्या शाळेत कोडमागचा मजकूर कायमचा ठरलेला नव्हता. मुलांच्या रोजच्या प्रतिसादावरून ते कोडमागचे स्वाध्याय आणि कृती बदलत, एकेका मुलाला जमेल तसं देत. म्हणजे शिकवणी यंत्रातला ‘मुलाचा अंदाज’ हा भाग तिथे शिक्षक स्वतः होता. कोड राज्यभर पसरला, हा भाग मात्र पसरला नाही. आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड उघडला की सगळ्यांना तोच व्हिडिओ दिसतो.

करोनाच्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ ही योजना आणली. व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला थोडे बहुपर्यायी प्रश्न, मुलाने घरच्या फोनवर उत्तरं द्यायची, लगेच निकाल. ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाच्या खिशात, तिथे ती पोचली नाही, ही टीका खरी होती. तरी व्हॉट्सॲप निवडण्यात शहाणपण होतं, कारण नवं ॲप उतरवायला सांगितलं असतं तर निम्मी घरं तिथेच गळली असती. उणीव होती ती वेगळी. पर्यायांतून निवडलेल्या उत्तरात मुलाच्या पायऱ्या दिसत नाहीत. आपल्या ४०३ च्या गणितात चुकीचे पर्याय म्हणून ३५५, १५५ आणि ३४५ हेच दिले असते, तर नुसत्या निवडीवरूनही आजार ओळखता आला असता. पर्याय उगाच भरीला घालायचे की चुका ओळखून बेतायचे, इतका हा साधा फरक. त्याला पैसे लागत नाहीत, वह्या वाचाव्या लागतात.

आणि इथेच मराठीचा खरा प्रश्न आहे. ब्राउन-बर्टन यांची यादी अमेरिकेत बनली. आपल्या मुलांच्या काही चुका त्या यादीत असूच शकत नाहीत. ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिणारं मूल, ‘एकोणसत्तर’ ऐकून ७९ लिहिणारं मूल मराठी शाळेत दर वर्षी भेटतं. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची पद्धत जोडीला आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणिताच्या अभ्यासमंडळाच्या वतीने मंगला नारळीकर यांनी मुलांची नेमकी हीच अडचण पुढे केली होती, पण वाद मराठीच्या अस्मितेवर गेला आणि मुलाची वही बाजूला राहिली. पद्धत कुठलीही ठेवा. तोंडी प्रश्न विचारणाऱ्या यंत्राला हे मूल वजाबाकीत कच्चं वाटेल, खरं तर ते संख्या ऐकण्यात अडखळलेलं असेल. चुकीचं निदान होईल आणि यंत्र त्याला हातच्याचे पंचवीस व्हिडिओ दाखवत बसेल. तशीच गत बोलीची. ‘वाचून दाखव’ म्हटल्यावर मूल आपल्या घरच्या सुरात वाचतं. पुणेरी आवाजांवर घडवलेलं यंत्र त्याला चुकीचं ठरवत राहिलं, तर चार दिवसांत ते तोंड उघडायचं बंद होईल.

मुलंही कमी नसतात. संशोधक रायन बेकर यांनी २००४ साली नोंदवलं, की काही मुलं यंत्राकडे मदतीची सूचना एकामागून एक मागत राहतात, कारण शेवटची सूचना म्हणजे उत्तरच असतं हे त्यांनी ओळखलेलं असतं. यंत्र त्यांना शिकवत असतं, ती यंत्राला फसवत असतात, आणि अशी मुलं कमी शिकतात.

चॅटजीपीटीसारख्या बोलक्या यंत्रांनी ही पळवाट हमरस्ता केली. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार मुलांवर झालेल्या प्रयोगात, गणिताच्या सरावाच्या वेळी ज्यांना साधं चॅटजीपीटी दिलं त्यांनी ४८ टक्के जास्त गुण मिळवले. मग ते काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ती मुलं काहीच न दिलेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. ज्या गटाच्या यंत्राला उत्तर न देता सूचनाच देण्याचं बंधन घातलं होतं, आणि नेहमीच्या चुका आधी सांगून ठेवल्या होत्या, त्या गटाचं नुकसान झालं नाही. नवं तंत्रज्ञान आलं तरी गाडी पुन्हा तिथेच येऊन थांबली. मुलं कशी चुकतात, हे यंत्राला आधी कुणीतरी सांगावं लागतं.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीपुढे कुणी टॅब घेऊन आलं, तर किंमत आणि वॉरंटी विचारण्याआधी त्याला एक चुकीची वजाबाकी करून दाखवा आणि तुमचं यंत्र यावर काय म्हणतं ते विचारा. ‘ट्राय अगेन’ म्हणालं, तर चहा पाजून वाटेला लावा. नेटवर्क गेल्यावर ते चालतं का, आणि मुलाची चाल शिक्षकाला मराठीत, एका पानात दाखवतं का, हेही विचारा. दोन शिक्षकांच्या शाळेत यंत्राने बाईंना सोमवारी सकाळी एवढंच सांगितलं, की या पाच जणांना काड्यांचं बंडल घेऊन बसवा आणि त्या तिघांना पुढे जाऊ द्या, तरी त्याचे पैसे वसूल झाले. मुलाची ही सगळी माहिती कुणाच्या संगणकात जमा होते, याचंही लेखी उत्तर मागा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नजरेत अठराच्या आतलं प्रत्येकजण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. फडावरच्या पालकाचा अंगठा कशावर घेतला जातोय, हे समितीने पाहायचं नाही तर कुणी?

मात्र मराठी मुलांच्या चुकांची यादी कुठलाही विक्रेता करून देणार नाही. ती फक्त इथल्या शिक्षकांनाच करता येईल, आणि त्यासाठी वीज लागत नाही की निधी. शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरतेच, तिथे परिपत्रकांचं वाचन होतंच. ईटच्या परिसरातल्या, भूम-वाशी-परंड्यातल्या, आणि बाकीच्या महाराष्ट्रातल्याही शिक्षकांना माझी विनंती आहे. पुढच्या परिषदेला येताना आपल्या वर्गातली चुकलेली गणितं नावं झाकून घेऊन या, मूल काय विचार करून चुकलं असेल यावर तासभर भांडा, आणि जमलेली यादी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे पाठवून द्या.